शेवंतीची शिंगं

खुटबावच्या हौसरावाच्या गोठ्यात शेवंती आली ती त्याच्या बायकोच्या, मुक्ताबाईच्या, माहेराहून. मुक्ताबाईचं माहेर शिरूरच्या बाजूला, घोडनदीच्या काठावर. तिच्या वडिलांकडं खिल्लार गुरं होती. लेक पहिलं बाळंतपण उरकून सासरी निघाली, तेव्हा त्यांनी एक पांढरी कालवड बैलगाडीच्या मागं बांधून दिली. "पुढं लेकराच्या दुधाला होईल," एवढंच म्हणाले.

कालवडीची गाय झाली, तशी गावातली माणसं तिची शिंगं बघायला थांबू लागली. कपाळातून निघून ती आधी मागं जायची, मग सरळ वर उठायची आणि टोकाशी जराशी आत वळायची. दिसायला भाल्यासारखी, पण गाय गरीब होती. मुक्ताबाईची लेक रतन तिच्या शिंगाला धरून उभं राहायला शिकली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग मुक्ताबाई शेवंतीच्या शिंगांना लावायची. "ही काय बैल हाय का?" म्हणून हौसराव हसायचा.

शेवंतीच्या दुधातला मोठा वाटा मात्र जयसिंगाला जायचा. जयसिंग हा हौसरावाचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेल्यामुळं हौसरावानंच त्याला वाढवला होता, तालमीत घातला होता. विशीत आल्यावर जयसिंग असा काही भरला, की दौंड-शिरूरच्या जत्रांच्या फडात त्याचं नाव पुकारलं जाऊ लागलं. तो कुस्ती मारून आला की हौसराव स्वतः कुस्ती मारल्यासारखा चावडीवर बसायचा. स्वतःसाठी त्यानं फारसं काही मागितलं नव्हतं. भावाचं नाव व्हावं, एवढी एकच हौस त्यानं धरली होती.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत शेवंती दुसऱ्यांदा व्याली, तीही रानात. बाभळीखाली बांधलेली होती, तिथंच तिला वेणा आल्या. संध्याकाळच्या आत गाय-वासरू घरी आणायला जयसिंग गेला. वासरू अजून ओलंच होतं. वासरामागून वार पडली होती आणि तिच्या वासानं वस्तीवरचं एक कुत्रं आलं होतं. जयसिंगानं कुत्र्याला ढेकूळ मारलं, शेवंतीचं दावं सोडलं आणि वासरू उचलून घेतलं. कुत्रं पुन्हा वळलं आणि त्याच्या पायाशी येऊन वासराच्या लोंबत्या पायांना हुंगू लागलं. शेवंती धावली ती कुत्र्यावर. मधे जयसिंग होता.

शिंग मांडीच्या आतल्या बाजूनं शिरलं आणि गुडघ्याकडं फाडत गेलं.

त्याला गाडीत घालून स्टेशनावर नेताना हौसरावाचे हात रक्तानं भरले होते. जयसिंग शुद्धीवर होता. "दादा, तिचा राग धरू नको. कुत्रं आलं व्हतं," असं तो दोनदा म्हणाला. हौसरावानं ते ऐकलं, पण त्याच्या मनात ते गेलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यात जयसिंगाचा जीव वाचला आणि पायही वाचला. पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. गुडघा पुरता वाकेना आणि उभं राहिलं की पाय भार घेईना. डॉक्टरांनी सांगितलं, काठी घेऊन चालता येईल. कुस्तीचं विचारायचं धाडस हौसरावाला झालं नाही. जयसिंगानंच विचारलं, आणि उत्तर ऐकून भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

गावात परतल्यावर बघायला येणारी माणसं आधी जयसिंगाजवळ बसायची, आणि निघताना गोठ्यात डोकावून "मारकी निघाली की," म्हणायची. हौसराव तिला मारत नव्हता. तिला विकायचा विचार त्यानं केला, पण बायकोच्या माहेरची गाय बाजारात उभी करायला त्याचं मन होईना. वैरण टाकतानाही तो तिच्या कपाळाकडं बघायचं टाळायचा. शेवटी एक दिवस त्यानं सायकल काढली आणि केडगावला बन्यामीन डॉक्टरांकडं गेला.

बन्यामीन रणपिसे हे गुरांचे डॉक्टर. शिरूरच्या मिशनवाडीत वाढलेले, मुंबईला शिकलेले. लढाईच्या काळात पलटणीची खेचरं सांभाळून आले होते आणि आता केडगावात स्वतःचाच दवाखाना चालवत होते. त्यांच्या बायकोनं, प्रेमाबाईंनी, हौसरावाला चहा दिला. हौसरावानं कपाला हात लावला नाही.

"डाक्टर, गाईची शिंगं काढायची हायेत. बुडापासनं."

"वासराची काढतात, हौसराव. नुसता कोंब असतो तेव्हा. थोरल्या गाईचं शिंग म्हणजे नख नव्हे. वरचं कवच तेवढं नखासारखं असतं. आत हाड असतं, कवटीतून निघालेलं. त्यात रक्त खेळतं. वय झालं की ते हाड आतून पोकळ होतं आणि ती पोकळी थेट नाकापर्यंत जाते."

"मग असलं देवानं दिलंच कशाला?"

बन्यामीनांनी त्याचा कप पुढं सरकवला. "देवानं दिलं म्हणा, किंवा लाख पिढ्यांत येत गेलं म्हणा. मी दोन्ही म्हणतो, फक्त दुसरं रविवारी देवळात, आमच्या चर्चमध्ये, बोलत नाही. कधीतरी एखाद्या गाईच्या कपाळाला हाडाचं टेंगूळ असेल. तिनं टक्कर दिली आणि तिचं वासरू वाघाच्या तोंडातून वाचलं. जिला टेंगूळ नव्हतं तिचं गेलं. वाचलेल्याच्या पोटी पुन्हा तसंच टेंगूळ आलं. असं वाढत आलं असणार."

"आमच्यात कुठं आलाय वाघ?"

"ते तिच्या अंगाला कुठं ठाऊक? आता आपल्या माळावरची हरणं बघा. काळविटाला एवढाली पिळाची शिंगं, कारण त्याला दुसऱ्या काळविटाशी झुंजायचं असतं. ती तुमच्या जयसिंगाच्या कुस्तीसारखी गोष्ट आहे. जीव घ्यायचा नसतो, कोण भारी ते ठरवायचं असतं. हरणीला मात्र शिंगं नाहीत. ती पाडस गवतात लपवते आणि स्वतः लांब जाऊन उभी राहते. गाईला एवढं अंग घेऊन कुठं लपता येणार? तिला उभं राहूनच लढावं लागतं. त्या दिवशी तिनं तेच केलं. तुम्ही पितळेच्या शेंब्या, गोल टोपणं, बसवून घ्या टोकांना. मी बसवून देतो."

हौसराव उठून उभा राहिला. "माझ्या भावाच्या शिरा तुटल्या, त्या कुणाला जोडता आल्या न्हाईत. तुमच्यानं व्हत नसंल तर तसं सांगा. सुताराची करवत आणतो आन् मीच कापतो."

हा माणूस बोलला तसं करील, असं बन्यामीनांना वाटलं. भूल न देता, सुताराच्या करवतीनं. ते म्हणाले, "रविवार सोडून येतो."

ते आले तेव्हा मुक्ताबाई अंगणात आडवी उभी होती. नवऱ्यासमोर ती सहसा आवाज चढवत नसे. "अवं, शेंब्या बसवा. डाक्टर म्हंत्यात तर बसवा की."

"शेंबी निघती."

"भावजी सवताच सांगत्यात तिची चूक न्हाई म्हून."

"त्याला काय सांगायचं ऱ्हायलंय आता?" हौसराव म्हणाला. जयसिंग ओसरीवर पाय लांब करून बसला होता. तो आत गेला.

शेवंतीला खांबाला जखडलं, पण ती डोकं स्थिर ठेवेना. ओळखीचं माणूस लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी मुक्ताबाईच पुढं झाली आणि गाईचं तोंड तिनं आपल्या पोटाशी धरलं. बन्यामीनांनी डोळ्याच्या मागं सुई दिली, शिंगाचं बूड बधिर झाल्याची खात्री केली आणि तारेची करवत चालवली. जळक्या केसांसारखा वास सुटला. शेवंती हलली नाही. मुक्ताबाईच्या पदरात तिचा श्वास लागत होता, तेवढाच. एक शिंग खाली पडलं, मग दुसरं. डागून रक्त थांबवलं, तेव्हा कपाळावर दोन भोकं उघडी दिसली आणि गाईनं श्वास सोडला की थंडीच्या हवेत त्या भोकांतूनही वाफ निघत होती. मुक्ताबाईनं ते पाहिलं आणि गाईचं तोंड सोडून ती घरात गेली.

हौसरावानं शिंगं उचलून उकिरड्यात टाकली.

मलमपट्टी बदलायला बन्यामीन केडगावाहून सायकलवर येत राहिले. जखम चिघळली नाही. उन्हाळा येईपर्यंत भोकं भरून आली, वर खरबरीत कातडं आलं. काम चांगलं झालं, असं बघणारे म्हणायचे.

जयसिंग आता दिवसभर ओसरीवर असे. पूर्वी तो घरात टिकत नसे, त्यामुळं गोठ्यात काय चालतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता तेवढंच बघायला होतं. गव्हाणीवर आधी शेवंतीचा मान असायचा. ती आली की बाकीची बाजूला व्हायची. तिला कुणाला मारावं लागत नसे, नुसती मान तिरकी केली की पुरे. आता एक तांबडी कालवड, तिच्या निम्म्या वयाची, तिला ढकलून वैरण खाऊ लागली. शेवंती मान तिरकी करायची. कालवड एक-दोन दिवस बिचकली, मग बिचकायची थांबली.

"दादा," जयसिंग एकदा म्हणाला, "ती वीतभर लांबूनच डोकं फिरवती बघ. तिला वाटतंय, शिंग पोचलं."

हौसराव बैलांना पेंड घालत होता. त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि तो मळ्यात निघून गेला. त्या दिवसापासून तो शेवंतीची वैरण वेगळी टाकू लागला.

पुढच्या पावसाळ्यापासून जयसिंग तिला चारायला नेऊ लागला. काठी टेकत तो पुढं, आणि गाय मागं. त्याला पळता येत नव्हतं आणि ती त्याला सोडून लांब जात नव्हती, त्यामुळं दोघांचं जमलं. पैलवान गुराखी झाला म्हणून गावातली टवाळ पोरं हसायची. जयसिंगाला ते लागत असेल, पण तो दाखवायचा नाही. एकदा वहिनीला म्हणाला, "माळावर मला कुणी इचारत न्हाई, फुडची कुस्ती कवा म्हून. बरं वाटतं."

साठ साली शेवंती तिसऱ्यांदा व्याली. या खेपेला घरात, गोठ्यात, आणि झाली कालवड. महिन्याभरानं जयसिंग दोघींना माळावर नेऊ लागला. खुटबावच्या पुढचा तो माळ म्हणजे कुसळीचं गवत, मधे मधे ओघळी, आणि लांबवर धनगरांचे वाडे. लांडगे असायचे, पण ते मेंढरांच्या मागं. गुरांच्या वाटेला सहसा जात नसत. त्या साली मेंढरं लवकर खाली कोकणाकडं उतरली होती आणि लांडगे उपाशी होते.

दुपार कलली होती. जयसिंग एका धोंड्यावर बसला होता, कालवड उन्हात पसरली होती. शेवंतीनं एकदम मान वर केली. ओघळीतून एक लांडगा वर आला आणि उघड्यावर, जसा कुणाला भ्यायचंच कारण नाही असा, बसला. शेवंती त्याच्यावर गेली. तो मागं सरला. ती आणखी पुढं गेली. तेव्हा दुसरा लांडगा पाठीमागच्या गवतातून निघाला आणि त्यानं कालवडीचा मागचा पाय धरला.

जयसिंग ओरडला, काठी उगारून निघाला, आणि चार पावलांत त्याचा पाय मुडपून तो पडला. त्यानं काठी फेकली, दगड फेकले. शेवंती वळून धावत आली. डोकं खाली घालून ती लांडग्यावर आली तेव्हा तिची पहिली धडक हुकली. दुसरी हुकली नाही. लांडग्याच्या बरगडीवर तिचं कपाळ बसलं, तो लांब कोलमडला, आणि जयसिंगाला वाटलं, संपलं. पण लांडगा उठला. अंग झाडलं, आणि परत आला. पहिला तोवर कालवडीच्या नरड्याला लागला होता.

पडल्या पडल्या जयसिंग सरपटत पुढं जात होता. तो पोचेपर्यंत लांडगे कालवडीला ओढत ओघळीत उतरले होते. शेवंती काठावर उभी होती, तिची नाकपुडी फाटली होती, आणि ती खाली तोंड करून हंबरत होती.

दिवस मावळायच्या सुमाराला हौसराव शोधत आला, तेव्हा जयसिंग गाईच्या पायाशी बसला होता. हौसरावाला काही विचारावं लागलं नाही. त्यानं भावाला उठवायला हात दिला, पण जयसिंग उठला नाही.

"तिनं बराब्बर घेतला व्हता, दादा," तो म्हणाला. "बरगडीत. बराब्बर घेतला व्हता त्याला."

हौसराव त्याच्याजवळून शेवंतीकडं वळला. मग पागोट्याच्या टोकानं त्यानं शेवंतीचं नाक पुसायला हात पुढं केला. ती मागं सरली नाही. सरली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बन्यामीन आले. नाकपुडीला टाके घालून झाले, हात धुऊन झाले, तरी ते निघाले नाहीत. गोठ्यात शेवंती हंबरत होती. कास दुधानं तट्ट झाली होती आणि ती मुक्ताबाईला हात लावू देत नव्हती.

हौसराव म्हणाला, "तुमी सगळं सांगितलं व्हतं, डाक्टर. माझ्याच कानात गेलं न्हाई."

"सांगितलं, आणि कापलीही मीच."

"तुमी नसती कापली तर मी कापणारच व्हतो."

"तेच कारण मी घरी प्रेमाला सांगितलं होतं. म्हटलं, मी गेलो नसतो तर त्यानं सुताराच्या करवतीनं जनावराचे हाल केले असते. ती म्हणाली, तुम्ही गेलाच नसता तर पहिल्या रक्ताला गाय ओरडली असती, आणि हौसराव तिथंच थांबले असते. मी भूल दिली, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही." बन्यामीनांनी खाली बघतच विचारलं, "थांबला असता का हो?"

हौसरावानं गोठ्याकडं पाहिलं. दारात मुक्ताबाई उभी होती.

"थांबलो असतो," तो म्हणाला.

"मी तर डोकंच धरून ठिवलं तिचं," मुक्ताबाई म्हणाली. "मी धरलं नसतं तर ती उभी ऱ्हायली नसती." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

त्या वेतात शेवंतीनं दूध दिलं नाही. पुढं ती पुन्हा गाभण राहिली नाही. हौसरावानं तिला विकली नाही, आणि तिच्याबद्दल तो घरातही बोलत नसे. जयसिंगाला दौंडला एका तालमीत पोरांना शिकवायचं काम मिळालं. पडवीत खुर्चीवर बसून तो डाव सांगायचा आणि पोरं ऐकायची. सणासुदीला घरी आला की तो आधी गोठ्यात जायचा.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या रखमाजीची गाय त्याच्या सुनेवर धावून गेली. सून वाचली, हाताला खरचटलं एवढंच. रखमाजी हौसरावाच्या ओसरीवर आला. "तुमच्या गाईची कापली त्या डाक्टरचा पत्ता द्या," म्हणाला.

हौसरावानं त्याला बसवून घेतलं. बोलायची सवय नसलेला माणूस, पण त्या दिवशी तो बोलला. माळावर काय झालं, तांबडी कालवड कशी ढकलत होती, हरणीला शिंगं का नसतात, सगळं सांगितलं. सांगताना त्याचं मागंपुढं होत होतं. रखमाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "पर तुमच्या घरात माणूस लंगडं झालं तवा तुमी कापलीच की. आमच्यात व्हायची वाट बघायची का?"

हौसरावानं त्याचा हात धरला. "शेंब्या बसवा," तो म्हणाला. "पितळेच्या मिळत्यात."

"शेंबी निघती," रखमाजी म्हणाला.

बन्यामीन डॉक्टरांनी यायला नकार दिला, असं पुढं कळलं. मग रखमाजीनं बाजाराच्या दिवशी दौंडहून कुणीतरी माणूस आणला. त्याच्याकडं भूल नव्हती. चार माणसांनी गाय पाडली. तिचं ओरडणं सगळ्या आळीत ऐकू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. हौसराव उठला, रखमाजीच्या दारापर्यंत गेला. गाय ओरडत होती, तरी आत करवत चालूच होती. तो थोडा वेळ तिथं उभा राहिला, आणि परत फिरला.